जागतिक बाजारात सहकारी संस्था: पलीकडचा माणूस सभासद आहे की नुसता पुरवठादार?

प्रश्न असा आहे की सगळं जग एकच मार्केट झालंय, भांडवल एका क्लिकवर इकडून तिकडे जातंय, अशा वेळी सहकारी संस्था या प्रकाराला काही काम उरलंय का, की तो आता जुन्या काळचा चांगुलपणा म्हणून नुसता जपून ठेवायचा. मी २४ वर्षं सहकारी संस्थांचे हिशेब तपासतेय, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं माल परदेशी पाठवणाऱ्या संस्थांबरोबर गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि मध्येमध्ये माझी मतंही घुसणार आहेत, ते आधीच सांगून ठेवते. थोडक्यात हवं असेल तर काम उरलंय, भरपूर उरलंय. पण ज्या संस्था बुडताना मी पाहिल्या किंवा ज्यांच्या फायली अभ्यासल्या, त्यात बाहेरच्या जगानं येऊन बुडवलं असं फार कमी वेळा दिसलं. बहुतेक वेळा संस्था बाहेर गेली आणि सभासद मागेच राहिला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सहकारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर धूळ खात पडलेली रजिस्टरं आणि मोडकी खुर्ची येते. पण एका देशातून दुसऱ्या देशात बँकेनं पैसे पाठवताना जो स्विफ्ट कोड विचारतात ना, ती स्विफ्ट स्वतःच बेल्जियमच्या कायद्याखालची सहकारी संस्था आहे. १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून ती काढली, कारण टेलेक्सवर काम करून सगळे वैतागले होते आणि कुठल्या तरी एका बड्या बँकेच्या सिस्टिमवर आपला सगळा निरोप-व्यवहार सोपवायला बाकीच्या बँका तयार नव्हत्या. आज २०० च्या वर देशांत ११,००० पेक्षा जास्त संस्था ती वापरतात, आणि तिचे शेअर ठरावीक काळानं वापराच्या प्रमाणात पुन्हा वाटले जातात, म्हणजे जो जास्त वापरतो त्याचा हिस्सा वाढतो. आता 'एक सभासद एक मत' तिथे नाही, त्यामुळे सहकारातले कर्मठ लोक नाक मुरडतील आणि मीही थोडं मुरडते. तरी एवढं खरं की बड्या बँकांनासुद्धा एखादी सामाईक गोष्ट हवी असते आणि ती एकमेकांच्या हातात द्यायला भरवसा नसतो, तेव्हा त्या आपसूक इथेच येऊन पोचतात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांची असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्थाही अशीच, १८४६ पासूनची, सभासद वर्तमानपत्रांच्या मालकीची.

दुसरं म्हणजे जागतिकीकरण आलं आणि सहकारावर संकट आलं हा क्रमच उलटा आहे. सहकार जन्मालाच आला तो जागतिक बाजाराच्या दणक्यातून. डेन्मार्कचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते कारण त्यात सगळं आहे. १८७० नंतर रेल्वे आणि वाफेची जहाजं आली आणि अमेरिकेचं, रशियाचं स्वस्त धान्य युरोपात अक्षरशः ओतलं गेलं. भाव कोसळले. जर्मनीनं आयातकर लावून दारं लावून घेतली. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी दुसरंच केलं, ते स्वस्त धान्य विकत घेऊन जनावरांना घातलं आणि इंग्लंडला लोणी नि डुकराचं मांस विकायला लागले. अडचण अशी की प्रत्येक घरच्या लोण्याची चव वेगळी, प्रत वेगळी, त्यामुळे चांगला भाव फक्त मोठ्या जमीनदारांच्या लोण्याला. त्याच सुमाराला दुधातून साय काढणारं मशीन निघालं, पण ते एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचं. मग १८८२ मध्ये जटलंडच्या पश्चिमेला येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी सामूहिक जबाबदारीवर कर्ज काढून डेअरी उभी केली. नफा दिलेल्या दुधाच्या प्रमाणात, साय काढलेलं दूध परत सभासदाला डुकरं पोसायला, आणि मत माणशी एक, गुरं कितीही असोत. डॅनिश भाषेत त्यावर म्हणच झाली, मत डोक्यांवर मोजायचं, गुरांवर नाही. पाचच वर्षांत, १८८७ ला, हॉर्सेन्सला मांसाचा सहकारी कारखानाही निघाला आणि पुढे डेअऱ्या शेकड्यानं झाल्या.

यात एक कलम होतं ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. घरच्या वापराचं सोडून सगळं दूध डेअरीलाच घालायचं, बाहेर विकायचं नाही. माझ्या मते सहकाराची सगळी गंमत आणि सगळी भांडणं या एका कलमात आहेत. कारण बाहेरचा व्यापारी काही मूर्ख नसतो, संस्था मोडायची असेल तर तो चार महिने चढा भाव देतो, सभासद तिकडे माल घालतात, संस्थेचं मशीन अर्धं रिकामं चालतं, दर युनिटचा खर्च वाढतो, संस्था आणखी कमी भाव देते, आणखी सभासद पळतात, आणि एक दिवस संस्था बंद पडली की व्यापाऱ्याचा भाव परत मूळ जागी. हे मी स्वतः तीनदा पाहिलंय, तिन्ही ठिकाणी सभासदांनीच मला विचारलं की संस्था का बुडाली.

तर संस्था जागतिक बाजारात नेमकं काय करते? जगातला भाव ती बदलत नाही, हे आधी पक्कं डोक्यात बसवायला हवं. दूध पावडरचा भाव दर पंधरा दिवसांनी ऑनलाइन लिलावात ठरतो, ग्लोबल डेअरी ट्रेड म्हणून, २००८ मध्ये न्यूझीलंडच्या फोन्टेरा या डेअरी सहकारी संस्थेनं सुरू केलेला, आणि तो आकडा चीनच्या खरेदीवर नि न्यूझीलंडच्या पावसावर हलतो, कुठल्याही सभासदाच्या कष्टावर नाही. संस्था बदलते ते या भावातलं सभासदापर्यंत किती पोचतं ते, आणि कधी पोचतं ते.

एका धान्य गोळा करणाऱ्या संस्थेत मी तीन दिवस नुसती काट्याजवळ बसले होते. तिथे पूर्वी खाजगी व्यापारी खरेदी करायचा तेव्हा ओलावा मोजायच्या मीटरचं तोंड व्यापाऱ्याकडे असायचं, तो आकडा वाचून सांगायचा आणि तेवढी कपात व्हायची. संस्था आल्यावर पहिल्या वर्षी भाव वाढवता आला नाही, भांडवलच नव्हतं, त्यांनी काय केलं तर मीटर फिरवून सभासदाकडे तोंड करून ठेवला आणि आकडा छापलेली पावती द्यायला सुरुवात केली. तेवढ्यानं सभासदाच्या हातात जास्त पैसे यायला लागले. आणि गंमत म्हणजे दोन महिन्यांत व्यापाऱ्याचाही मीटर फिरला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे, संस्था नसलेल्यांनाही तिचा फायदा होतो वगैरे, पण मला तो मीटर फिरवून ठेवलेला टेबलच आठवतो.

नुसतं एकत्र आलं की झालं असंही नाही हां. कॉफीचं बघा. १९६२ पासून आंतरराष्ट्रीय कॉफी करार होता, कोणत्या देशानं किती निर्यात करायची याचे कोटे ठरायचे आणि भाव टिकून राहायचा. जुलै १९८९ ला ते कोटे मोडले आणि काही महिन्यांत भाव निम्म्यावर आले. देशांनी मिळून केलेली व्यवस्था गेली की लहान उत्पादकाकडे फक्त त्याची संस्था उरते. मेक्सिकोतल्या ओहाका भागातल्या एका सहकारी संस्थेच्या कॉफीवरच १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिलं फेअर ट्रेड लेबल, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव दिल्याची खूण, निघालं होतं, ते या पडझडीत काही जणांना तारून गेलं. पण लेबलवर सगळी भिस्त ठेवणं मला कधी पटलं नाही, कारण लेबल हे गिऱ्हाइकाच्या मनावर चालतं आणि मन कधी फिरेल सांगता येत नाही.

त्यापुढची पायरी घानाच्या कोकोवाल्यांनी चढून बघितली. कुआपा कोकू ही १९९३ ची शेतकऱ्यांची संस्था, तिथे कोको निर्यात करायचा अधिकार सरकारी मंडळाकडे, संस्थेला फक्त खरेदीचं लायसन्स, म्हणजे वरच्या मार्जिनला हात लावायची सोयच नाही. मग त्यांनी १९९८ मध्ये लंडनला चॉकलेट कंपनी काढण्यात भागीदारी केली, डिव्हाइन चॉकलेट, आणि एका टप्प्यावर त्यातला ४५ टक्के हिस्सा शेतकऱ्यांच्या संस्थेचा होता. कोको पिकवणाऱ्यांचा चॉकलेटच्या ब्रँडमध्ये एवढा मोठा वाटा ही साधी गोष्ट नव्हती. पण सुपरमार्केटच्या शेल्फवर टिकून राहायला दरवर्षी जाहिरातीला पैसा लागतो आणि तो घालायची ताकद शेतकऱ्यांकडे नव्हती, २०२० मध्ये बहुसंख्य हिस्सा एका जर्मन चॉकलेट कंपनीकडे गेला आणि संस्थेचा वाटा बराच कमी झाला. मी याला अपयश म्हणत नाही, त्या बावीस वर्षांत लाभांश, संचालकपदं आणि आतली माहिती मिळाली. पण भांडवलाच्या प्रश्नावर येताना हे लक्षात ठेवा.

जागतिक बाजाराचा दणका भांडवलात कसा बदलता येतो याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण भारतातलं ऑपरेशन फ्लड आहे. साठच्या दशकाच्या शेवटी युरोपियन समुदायाकडे दूध पावडर आणि लोण्याचे डोंगर साठले होते, कारण ते आपल्या शेतकऱ्यांना ठरलेला भाव देत होते. हा माल फुकट कुठल्याही देशात ओतला असता तर तिथल्या दूधवाल्याचा भाव मेलाच असता, मदत म्हणून आलेल्या मालानं स्थानिक उत्पादक संपल्याची उदाहरणं भरपूर आहेत. वर्गीस कुरियन आणि त्यांच्या लोकांनी १९७० मध्ये हिशेब वेगळा मांडला, जागतिक अन्न कार्यक्रमातून १,२६,००० टन पावडर आणि ४२,००० टन बटर ऑइल घ्यायचं, ते फुकट वाटायचं नाही, दुधात मिसळून बाजारभावानं शहरात विकायचं आणि आलेल्या पैशातून सहकारी संघ, शीतकरण केंद्रं, टँकर उभे करायचे. म्हणजे युरोपचा जास्तीचा माल हेच इथल्या संस्थांचं भागभांडवल झालं. यावर टीकाही झाली आणि काही टीका बरोबर होती, परदेशी पावडरची सवय लागेल वगैरे, पण १९९८ च्या सुमाराला हा देश जगात दूध उत्पादनात एक नंबरला गेला. खेड्यातली दूध सोसायटी आधी तयार होती म्हणून हे जमलं, आणंदचा संघ १९४६ पासून चालू होता. दणका बसायच्या आधी संस्था असावी लागते. नंतर काढायला गेलं तर ती फक्त कर्जमाफी मागायची संघटना होते.

आता मूळ मुद्द्यावर येते, संस्था स्वतः बाहेर जाते तेव्हा काय होतं.

मोंद्रागोन या कामगारांच्या सहकारी समूहाबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. स्पेनच्या बास्क भागात होसे मारिया अरिझमेंदियारिएता नावाच्या पाद्रीनं १९४३ ला तांत्रिक शाळा काढली, तिथून शिकलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये उल्गोर नावाचा कारखाना सुरू केला, कामगारच मालक, १९५९ ला स्वतःची बँकही. आज समूहात ८० च्या आसपास सहकारी संस्था आणि ७०,००० च्या आसपास कामगार आहेत, वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आत. सगळ्या जगातून लोक बघायला जातात. तो पहिला कारखाना पुढे फागोर झाला, फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन. नव्वदच्या दशकात युरोपचं मार्केट खुलं झालं, जर्मन आणि नंतर कोरियन नि तुर्की कंपन्या आल्या, फागोरनं ठरवलं की मोठं झाल्याशिवाय टिकणार नाही. पोलंडमध्ये कारखाना घेतला, २००५ मध्ये फ्रान्सची ब्रांट ही कंपनी घेतली, त्यासाठी कर्ज काढलं. २००८ ला स्पेनमधली घरबांधणी कोसळली. घरं विकली गेली नाहीत की ओव्हन कोण घेणार? समूहातल्या बाकी संस्थांनी काही वर्षं पैसे घातले, कामगार-सभासदांनी पगार कमी करून घेतले, आणि २०१३ च्या शरद ऋतूत समूहानं आणखी पैसे द्यायला नकार दिला. फागोर दिवाळखोरीत गेली. जगभरातले मिळून ५,६०० च्या आसपास लोक होते, त्यातले सुमारे २,००० बास्क भागातले.

इथे थांबून नीट बघा. बास्क भागातल्या सभासदांपैकी बहुतेकांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांत काम मिळालं किंवा लवकर निवृत्ती मिळाली, म्हणजे सहकाराची सुरक्षा-जाळी खरोखर चालली, हे मान्यच करायला हवं, एवढा मोठा कारखाना बुडून सभासद रस्त्यावर आले नाहीत हे कुठल्या खाजगी कंपनीत झालं असतं? पण पोलंड आणि फ्रान्सचे कामगार सभासदच नव्हते. ते नोकर होते, एका सहकारी संस्थेच्या भांडवली उपकंपनीचे नोकर, त्यांना मत नव्हतं आणि जाळीही नव्हती. फागोरच्या लोकांची बाजू अशी होती की दुसऱ्या देशाचा कायदा, वेगळी भाषा, तिथल्या कामगाराला भागभांडवल भरायची इच्छा नाही. सगळं खरंय. पण मग बाहेरच्या कारखान्यात काय चाललंय हे कळायचा मार्ग एकच उरतो, मॅनेजरचा रिपोर्ट. सभासद शेजारच्या मशीनवर असेल तर तो माल किती परत येतोय हे सभेत ओरडून सांगतो, नोकर कशाला सांगेल?

न्यूझीलंडच्या फोन्टेराचं तर आणखी भयंकर झालं. २००१ मध्ये देशातल्या मोठ्या डेअरी सहकारी संस्था एकत्र होऊन ही झाली, जवळजवळ सगळा माल परदेशी जातो. चीनमधल्या सानलू या कंपनीत तिचा ४३ टक्के हिस्सा होता. २००८ मध्ये सानलूच्या बाळांच्या दुधात मेलामाइन हे रसायन सापडलं, ६ बाळं गेली, ३ लाखांच्या आसपास आजारी पडली, गुंतवणूक बुडाली. मेलामाइन का घातलं जायचं, तर दुधात पाणी घातलं की प्रोटीन कमी दिसतं आणि मेलामाइननं चाचणीत ते वाढलेलं दिसतं. आणि सानलूचं दूध यायचं कुठून? गावोगावच्या कलेक्शन स्टेशनवरून, दलालांमार्फत. न्यूझीलंडला ज्या सभासदाचा टँकर येतो त्याचा नमुना नावानिशी ठेवलेला असतो, कारण तो मालक आहे आणि त्याला पैसे प्रतीवर मिळतात. तीच संस्था चीनमध्ये गेली तेव्हा दूध घालणारा माणूस तिच्या लेखी कुणीच नव्हता. सहकारी संस्थेकडे असलेलं सगळ्यात भारी ज्ञान, म्हणजे दूध घालणाऱ्या माणसाशी नातं कसं ठेवायचं हे, तेवढंच तिनं सोबत नेलं नाही, आणि नेला तो चेक.

उलट बाजूला आर्ला आहे. त्याच डॅनिश परंपरेतली, २००० मध्ये डेन्मार्कची आणि स्वीडनची मोठी डेअरी संस्था एकत्र आल्या आणि पुढे जर्मनी, ब्रिटन, बेल्जियम, लक्झेंबर्ग, नेदरलँड्समधल्या शेतकऱ्यांना पुरवठादार न ठेवता सभासद करून घेतलं. सात देशांचे मालक. सगळ्यांना एकाच सूत्रानं दर, चलनाचा चढउतार कसा वाटून घ्यायचा याचीही पद्धत. यात भांडणं होत नाहीत असं नाही, पौंड पडला की ब्रिटनवाले कुरकुरतात, प्रतिनिधी सभेत दुभाषे लागतात, निर्णयाला वेळ लागतो. मला विचाराल तर तो वेळ हीच खरी किंमत आहे आणि ती सानलूपेक्षा स्वस्त पडते. नेदरलँड्सच्या फुलांच्या सहकारी लिलावानंही, रॉयल फ्लोराहॉलंडनं, केनिया आणि इथिओपियाच्या फुलवाल्यांना सभासदत्व दिलंय. तिथला लिलाव वरून खाली येतो, मोठ्या घड्याळावर काटा उतरत जातो आणि जो आधी बटण दाबतो त्याचा माल, काही सेकंदांचा खेळ. परदेशी फुलं येऊ द्यायची की नाही यावर तिथे वर्षानुवर्षं वाद झाले, स्वतःच्या सभासदांचे भाव पडतील ही भीती साधी नव्हती. शेवटी दिसलं ते असं की फुलं युरोपात येणारच होती, प्रश्न फक्त आपल्या घड्याळावर येतात की दुसऱ्याच्या. अर्थात केनियातला सभासद म्हणजे मोठ्या फार्मची कंपनी असते, ग्रीनहाऊसमध्ये फुलं तोडणारी बाई सभासद नसते, हेही सांगायला हवं.

आता भांडवल. हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळं इथेच अडतं. सभासद संस्था सोडताना आपला भाग, म्हणजे शेअरपोटी भरलेले पैसे, परत मागू शकतो, बरोबर? तर २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय हिशेब नियमांचा एक खुलासा आला की जो भाग सभासदानं मागितल्यावर परत द्यावा लागतो तो भांडवल नाही, देणं आहे, जोपर्यंत संस्थेला परतफेड नाकारायचा बिनशर्त अधिकार नाही किंवा कायदा तशी बंदी घालत नाही. म्हणजे काल ज्या संस्थेचा ताळेबंद ठणठणीत होता ती आज कागदावर कर्जबाजारी, व्यवहारात एक पैसा हललेला नसताना. त्या काळात मी एका संस्थेचे पोटनियम बदलायला मदत केली, एक वाक्य घालायला अकरा महिने लागले, कारण सभासदांना वाटलं आमचे पैसे अडकवताय. तसं बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं. नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शेअर बाजारातली कंपनी होती, सहकारी संस्था नंतर आठवली.

भांडवल कमी पडलं की मोह शेअर बाजाराचा. कॅनडाच्या सस्कॅचेवान व्हीट पूलची गोष्ट सगळ्या संचालकांना वाचायला द्यावी असं मला वाटतं. १९२०च्या दशकात गहू पिकवणाऱ्यांनी काढलेली, दशकानुदशकं त्या प्रांतातली सगळ्यात मोठी धान्य संस्था. रेल्वेचे फाटे बंद होत होते, जुनी लाकडी कोठारं पाडून मोठी काँक्रीटची बांधायची होती, जागतिक धान्य कंपन्या दारात उभ्या. १९९६ मध्ये शेअर बाजारात उतरली. मतदानाचे शेअर शेतकऱ्यांकडे, बाजारातले बिनमताचे. वाटलं दोन्ही साधेल. पैसा आला, कोठारं बांधली, पोलंड आणि मेक्सिकोत गुंतवणूक केली, मग दुष्काळी वर्षं आली, कर्ज डोईजड झालं, २००३ ला कर्जाची पुनर्रचना, २००५ ला ती साधी कंपनी झाली. २००७ मध्ये नाव व्हिटेरा. २०१२ मध्ये ग्लेनकोर या बड्या व्यापारी कंपनीनं घेतली, २०२५ मध्ये बंगी या जागतिक धान्य कंपनीत विलीन. आजोबांनी एकेक डॉलर भरून केलेली संस्था आज ज्यांच्याविरुद्ध ती काढली होती तशाच कंपनीच्या पोटात आहे. यात कुणी चोरी केली नाही, बरं का. प्रत्येक पायरीवर ठराव झाला, प्रत्येक ठराव त्या दिवशी शहाणपणाचा वाटत होता.

ठराव कसे होतात तेही सांगते. एका संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा, नाव सांगत नाही, मी लेखापरीक्षक म्हणून पुढच्या रांगेत. विषय क्रमांक पाच, संचालकांच्या प्रवासखर्चाला मंजुरी. पाऊण तास. कोण कुठे गेलं, गाडी दोनदा का गेली, बिल कुठेय, एक जण खुर्चीवर उभा राहिला. विषय क्रमांक सात, परदेशातल्या उपकंपनीला दिलेल्या कर्जाचं भांडवलात रूपांतर करणे. त्या रकमेत शंभर वर्षांचा प्रवासखर्च निघाला असता. अध्यक्षांनी वाचलं, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मागून 'मंजूर मंजूर', दोन मिनिटं. सभासदांना मूर्ख म्हणू नका, गाडीचं बिल त्यांना कळतं म्हणून त्यावर ते बोलले, उपकंपनी त्यांना कोणी समजावून सांगितलीच नव्हती, अहवालात तिचा ताळेबंदसुद्धा नव्हता, जमाखर्चात 'गुंतवणूक' म्हणून एक ओळ. ते रूपांतर म्हणजे 'पैसे परत येणार नाहीत' हे सभ्य भाषेत सांगणं होतं. मी अहवालात शेरा मारला होता, परिच्छेद चौदा, तोही कोणी वाचला नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, शेरे साध्या भाषेत, पहिल्या पानावर, आणि सभेच्या आधी दहा-बारा सभासदांना बसवून समजावते. संचालकांना आवडत नाही.

ॲपवाल्या प्लॅटफॉर्मच्या जागी सहकारी प्लॅटफॉर्म, यावर हल्ली बराच उत्साह दिसतो. कॅनडातली स्टॉक्सी ही ऑनलाइन फोटो विकणाऱ्या फोटोग्राफरांची संस्था २०१३ पासून चालतेय, साध्या लायसन्सच्या विक्रीतले ५० टक्के फोटो काढणाऱ्याला. पण ती टिकली कारण तिनं सभासदसंख्या मर्यादित ठेवली आणि प्रत जपली. टॅक्सीसारख्या धंद्यात, जिथे समोरचा अब्जावधी जाळून भाडं पाडतो, तिथे मला शंका आहे, तो पुन्हा व्यापाऱ्याचे चार महिनेच आहेत, फक्त चारच्या जागी दहा वर्षं.

शेवटी पुन्हा फोन्टेरा, कारण ते ताजं आहे. २०२५ मध्ये तिनं आपले ग्राहकांना माहीत असलेले ब्रँड, अँकर वगैरे, फ्रान्सच्या लॅक्टालिस या डेअरी कंपनीला ३८० कोटींपेक्षा जास्त न्यूझीलंड डॉलरला विकायचं ठरवलं आणि ऑक्टोबरअखेर सभासदांचं मतदान झालं, ८८ टक्के बाजूनं. सभासदांना शेअरमागे २ डॉलर परत मिळणार असं ठरलं. तिथे मत माणशी नाही, दुधाच्या प्रमाणात असतं, येडिंगवाल्यांना ते आवडलं नसतं. सभासदांचं म्हणणं असं की सानलू आणि नंतरची चीनमधली गुंतवणूक बघून झाली, २०१८ ला संस्थेनं पहिल्यांदा तोटा दाखवला, आता आमचं कर्ज फेडू द्या आणि संस्थेनं पावडर, लोणी, प्रोटीन यातच राहावं. मी सभासद असते तर विरोधात मत दिलं असतं, कारण ब्रँड एकदा गेला की परत येत नाही आणि लिलावातल्या भावावर पूर्ण अवलंबून राहणं हे १८७० च्या धान्यवाल्यांसारखं आहे. पण या वेळी निदान विषय क्रमांक सातसारखं झालं नाही, महिनोन्महिने गावोगाव बैठका झाल्या, आकडे समोर होते, कशाला हो म्हणतोय हे त्यांना माहीत होतं. आता ब्रँड लॅक्टालिसचे आणि त्यात जाणारं दूध फोन्टेराचं, पुरवठ्याचा करार झालाय. तो पहिल्यांदा नव्यानं करायची वेळ येईल तेव्हा दर कोण सांगतं आणि कोण ऐकतं, तेवढं मला बघायचंय.